बिघाडाच्या आदल्या संध्याकाळी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. त्यांतले कितीतरी आता आठवतही नाहीत. पण ज्या प्रकरणात कोणाला साधे खरचटलेसुद्धा नाही, ते मात्र विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. त्यातली माणसे हयात आहेत, म्हणून नावे लिहीत नाही.

शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते आणि मी चिकलठाण्याच्या बाजूच्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. पावसाने सलग दगा दिला होता. ठाण्यात येणाऱ्या निम्म्या तक्रारी पाण्याच्या असत. टँकर आधी कोणाच्या दारात थांबला, पाइप कोणी कापला, असल्या. तरी शहर वाढतच होते. जालना रोडच्या दोन्ही अंगांना, पडीक पडलेल्या रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडत होते.

अशात एका कारखान्याचे मालक तक्रार अर्ज घेऊन आले. यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा त्यांचा कारखाना होता.

“साहेब, सीधी बात आहे,” ते म्हणाले. “माझ्या ऑफिसात घातपात चाललाय.”

त्यांनी कंपनीचा सगळा हिशेब नव्या सॉफ्टवेअरवर नेला होता. पुण्याच्या एका फर्मने ते बसवून दिले. पूर्वी अकाउंटच्या खोलीत माणसांची दाटी असे. नव्या पद्धतीत इतक्यांची गरज उरली नाही. काहींना स्टोअरकडे, काहींना गेटवर पाठवले, बाकीच्यांना घरी. खोलीत एकच बाई राहिल्या. नोकरीत केस पांढरे झालेल्या, लग्न न केलेल्या. सगळा कारखाना त्यांना मावशी म्हणे. नवे काम त्या छान शिकल्या होत्या.

सहा महिने सुरळीत गेले, आणि मग सकाळी कॉम्प्युटर उघडावा तर आतली सगळी नोंद गायब, असे व्हायला लागले. बिले अडकत, माल गेटवर थांबे. पुण्याहून इंजिनिअर मुलगी यायची, दोन-तीन दिवस राहून सारे पुन्हा उभे करायची. थोडे दिवस गेले की पुन्हा तेच.

“पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?” मी विचारले.

“मला, मावशींना आणि अकाउंटमध्ये होता त्या सोयगावच्या पोराला. त्यालाच उचला. काढलं तेव्हा चार लोकांसमोर धमकी देऊन गेला होता, बघतो तुमचं सॉफ्टवेअर कसं चालतं म्हणून.”

मी त्या तरुणाला बोलावून घेतले. त्याला दुसऱ्या कारखान्यात नुकतेच काम मिळाले होते. तो सकाळी यायचा आणि दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसायचा. मी कधी समजावून विचारले, कधी आवाज चढवून.

“रागात बोललो, व्हय,” तो म्हणायचा. “पण तिथं परत पाऊल नाय टाकलं साहेब. आता हे कामबी जाईन माझं. नवा मॅनेजर इचारतोय, पोलीस कशाला बोलावतेत तुला?”

खोटे बोलणारा माणूस दर वेळी नवा तपशील घालतो. खरे बोलणारा त्याच दोन वाक्यांवर अडून बसतो आणि पोलिसाला कंटाळा आणतो. या पोराने मला चांगलाच कंटाळा आणला. पण संशय घ्यायला दुसरे कोणी समोर नव्हते.

तेवढ्यात कारखान्यात पुन्हा बिघाड झाला. पुण्याची इंजिनिअर आली होती. पोराला ठाण्यात बसवल्याचे मालकाच्या तोंडून कळले तशी ती स्वतःहून ठाण्यात आली. पंचविशीची असेल. बोलणे मोजके.

“सर, मला एक विचित्र वाटतंय,” ती म्हणाली. “कॉम्प्युटरमधल्या सगळ्या माहितीची एक जादा प्रत काढून वेगळी ठेवायची असते. ती शनिवारी काढायची असं ठरलंय. पण जेव्हा जेव्हा बिघाड झाला, त्याच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी ताजी प्रत काढून ठेवलेली आहे. वार कोणताही असो. म्हणून तर एकही नोंद कधी हरवली नाही.”

“म्हणजे?”

“ज्याला नुकसान करायचंय तो आधी सगळं जपून कशाला ठेवील?”

घर पेटवणारा माणूस आधी सामान बाहेर काढत नसतो, एवढे मला कॉम्प्युटर न येताही कळत होते. यात कोणाचा फायदा नव्हता, की सूडही नव्हता. बिघाडाने घडत होते ते एकच. ही मुलगी औरंगाबादला येत होती.

मी सहज विचारावे तसे विचारले, “इथे आलात की उतरता कुठे?”

“आधी लॉजवर उतरायचे. पण तिथे पाण्याचे हाल. आंघोळीला अर्धी बादली मिळायची. मग मावशी म्हणाल्या, माझ्याकडे चल. तेव्हापासून त्यांच्याकडेच...”

ती बोलता बोलता थांबली. तिने टेबलावरची बॅग उचलून खांद्याला लावली.

“सर, मी आजच्या बसने परत जाते,” ती म्हणाली. “मावशींना माझं नाव सांगू नका.”

चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावे लागते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. महिला शिपायाला बरोबर घेऊन दुपारी मी मावशींच्या घरी गेलो. नव्या वसाहतीत दोन खोल्यांचे घर. दोन्ही बाजूंचे प्लॉट मोकळे. घरातल्या दुसऱ्या खाटेवर धुतलेली चादर नीट अंथरलेली होती.

मी आरोप केला नाही. तो सोयगावचा मुलगा रोज ठाण्यात बसतो आहे आणि त्याची नवी नोकरी जाण्याच्या बेतात आहे, एवढेच सांगितले.

“त्याला कशाला?” त्या दचकल्या. “मला कोणी बोललंच नाही. त्याचा काय संबंध?”

इतक्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. त्या सवयीने उठल्या. एकट्या बाईने पाइप धरायचा की ड्रम सरकवायचा? आमची शिपाई त्यांच्या मदतीला गेली. मी आत बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिलो. त्या परत आल्या तेव्हा साडीचा काठ भिजलेला होता. त्या बसल्या नाहीत.

“त्या पोराला घरी पाठवा साहेब. मी केलं ते.”

मी वही उघडली. त्या स्वतःच बोलू लागल्या.

“त्या खोलीत पूर्वी नुसता कालवा असायचा. पंख्यावरून भांडणं, कोणाच्या डब्यात काय, कोणाच्या लेकराचं बारसं. मी लई चिडायचे, म्हणायचे, गप्प बसा, बेरीज चुकते. आता बेरीज चुकतच नाही. सकाळी जाते, संध्याकाळी येते, मध्ये तोंडातून शब्द निघत नाही. ती पोरगी इथं राहायची तेव्हा रात्री जेवताना बोलायची, ही भाजी कशी केली मावशी, तुम्ही शाळा कुठं शिकलात. मला इतकं कोणी विचारलं नव्हतं. मग तिचं काम संपलं.”

“फोन करून बोलवायचं होतं. आली असती.”

“काय म्हणून बोलावू?” त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. “काम असल्याशिवाय कोण कोणाकडे येतं, साहेब?”

मी कबुलीजबाब पुष्कळ घेतले आहेत. त्या दिवशी मी त्यांचे शेवटचे वाक्य होते तसेच उतरवून घेतले. महिला शिपाई खिडकीकडे तोंड करून उभी होती.

मालक गुन्हा दाखल करा म्हणून हटून बसले. मी म्हणालो, जरूर करतो. मग तुमचा मुख्य कॉम्प्युटर मुद्देमाल म्हणून जप्त होईल, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल, आणि येईल तेव्हा येईल. ते थंड झाले. अर्ज मागे घेतला, मावशींचा राजीनामा घेतला. सोयगावच्या मुलाच्या नव्या मॅनेजरला मी स्वतः जाऊन भेटलो आणि याचा कशातही हात नाही असे सांगून आलो. त्या मुलाला खरे सांगितले तेव्हा तो आधी भडकला.

“मी तिथं बसून होतो साहेब, अन् त्या मावशीनं...” मग जरा वेळाने म्हणाला, “डबा नसला की अर्धी भाकर द्यायची ती मला.”

आमच्या तपासात हेतू शोधायचा असतो. लोभ, राग, सूड, बाई, जमीन. हीच यादी घेऊन आम्ही माणसांकडे पाहतो. त्या प्रकरणानंतर मी प्रत्येक जबाबात आणखी एक प्रश्न विचारू लागलो: घरी बोलायला कोण असते? त्याच्या उत्तराचा उपयोग दर वेळी झाला नाही. पण उत्तर देताना पुष्कळ जण अडखळत, हे खरे.

बदली होण्याआधी मी एकदा मावशींकडे गेलो. साध्या कपड्यांत, एकटा. तरी गल्लीने ओळखले. समोरची बाई दारात आली आणि घाबरून विचारू लागली, “पुन्हा काय झालं हो?”

“काही नाही झालं,” मावशी मोठ्याने म्हणाल्या. “पाहुणे आलेत.”

त्यांनी चहा केला. इंजिनिअर मुलगी मध्ये एकदा येऊन गेली होती, मुद्दाम, काम नसताना. तिचे लग्न ठरले होते. आता बंगळूरला जाणार होती. एवढे सांगून झाल्यावर आमच्याकडे बोलायला फारसे काही उरले नाही. मी तरी तासभर बसलो. निघताना त्यांनी पुन्हा या असे म्हटले नाही. फाटकापर्यंत आल्या आणि मी वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.