उचकीची चौकशी

नाव घेतलं की उचकी थांबते, हे तुम्ही कधी तपासून पाहिलं आहे का?

काल जेवताना वहिनीला उचकी लागली. "कोण आठवण काढतंय गं?" म्हणत आईने एकेक नाव घेतलं. वहिनीची आई, बहीण, मामा. उचकी चालूच. मग आत्या डोळे मिचकावून म्हणाली, "अन् तो कॉलेजातला सुधीर?" उचकी थांबली.

"बघा, सापडला!" सगळे हसले. दादाने मात्र ताट बाजूला सारलं. वहिनी मान खाली घालून भात कालवत राहिली.

मला संशय आला तो या खेळाचाच. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा झटके देतो आणि कधीतरी आपोआप शांत होतो. त्याला नावं ऐकू येत नाहीत. त्या क्षणी जे नाव तोंडात असेल, ते गुन्हेगार ठरतं. आणि दादाला उचकी लागली की आमच्या घरात नुसता पाण्याचा तांब्या पुढे येतो, चौकशी होत नाही.

तुमच्या घरी कुणा बाईला उचकी लागली तर आधी पाणी द्या. नावं घ्यायचीच असतील तर कुकरचं घ्या, पंख्याचं घ्या, दाराच्या कडीचं घ्या. कशाला तरी ती थांबेलच.