मामीच्या लोकांचा तंबू

माझा मामा खिडक्यांना काचा बसवतो. त्याचे हात बघाल तर ओरखड्यांशिवाय जागा नाही. पण माणूस असा की हातातली काच फुटली तरी आवाज चढवणार नाही. आवाज चढवायचं खातं आमच्या घराण्यात बायकांकडे आहे.

मामी दुसऱ्या मुलखातली. लग्न होऊन आली त्याच दिवशी आजीनं बजावलं, "या घरात आमचीच भाषा चालेल." मामीनं ती अशी उचलली की भांडणात माझ्या आईला गप्प करायची! आम्ही म्हणायचो, बाई किती चटकन रुळली. कौतुक कसलं डोंबलाचं! तिची भाषा आमच्यातल्या एकानंही शिकून घेतली नाही. मामानंही नाही. हिला आपली येतेय की, मग गरज काय, असं त्याचं साधं गणित.

पुढे मामीचं डोकं विसरायला लागलं. आधी आमची नावं गेली, मग आमची भाषा. राहिली ती माहेरची. संध्याकाळ झाली की ती खिडकीशी उभी राहायची आणि मामानंच बसवलेल्या काचेवर तळवा टेकून एकच वाक्य म्हणत राहायची. मामा पाणी आणायचा, शाल आणायचा, खिडकी उघडून द्यायचा. काही केल्या तिचं समाधान होईना. ती रडायची.

"काहीतरी मागतेय गं बिचारी," मामा मला म्हणायचा, "आणि मी आपला ढिम्म उभा."

तिच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. मी फोनला विचारून पाहिलं, तर त्यालाही ती बोली येत नव्हती.

आमच्याकडे मैदानावर दरवर्षी नाना देशांच्या लोकांचा उत्सव भरतो. ज्याचा त्याचा तंबू, ज्याचं त्याचं नाचगाणं, आणि सगळ्यांचे लाउडस्पीकर एकदमच सुरू. यंदा पहिल्यांदाच मामीच्या लोकांचाही तंबू आहे असं कळलं. मामानं दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. सासुरवाडीला निघाल्यासारखा दिसत होता. मामीचा एक हात त्यानं धरला, एक मी.

तंबूत रंगीत कपड्यांतल्या पोरी नाचत होत्या. नाच संपल्यावर मामानं एकीला गाठलं. ती हसून म्हणाली, "आजोबा, आम्हाला नाच येतो. भाषा नाही येत." मामाचा चेहरा उतरला. मला त्या पोरींच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण त्यांचा काय दोष? त्यांच्याही घरात आमच्या आजीसारखी कुणीतरी असणार.

तेवढ्यात मामी हात सोडवून मागच्या बाजूला गेली. तिथं एक म्हातारी नाचाच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मामीनं ते वाक्य म्हटलं. म्हातारीनं उत्तर दिलं. आणि मामी हसली हो! मग काय, दोघी बोलतच सुटल्या. मामा बाजूला पाहुण्यासारखा उभा.

"काय हवंय तिला?" त्यानं शेवटी विचारलं.

"जाऊ द्या हो," म्हातारी म्हणाली.

"सांगा. काय म्हणेल ते आणून देतो."

म्हातारीनं हातातली घडी खाली ठेवली. "ती म्हणते, माझी माणसं मला न्यायला कधी येणार? घरात एक परका माणूस आहे. वाईट नाही, पण मला त्याची भीती वाटते."

मामानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"'सकाळी येतील,' हे तुमच्यात कसं म्हणतात?" त्यानं विचारलं.

म्हातारीनं शिकवलं. घरी येईपर्यंत मामा ते पुटपुटत होता.

संध्याकाळी मामी खिडकीशी गेली. मामा जवळ गेला नाही, ती घाबरेल म्हणून दारातच थांबला. तिथूनच त्यानं ते वाक्य म्हटलं. मामी वळली. तिनं त्याला काहीतरी विचारलं. मामाला दुसरं वाक्य कुठं येत होतं! त्यानं तेच पुन्हा म्हटलं.

मामी रडली नाही. कपाट उघडून तिनं कपडे काढले आणि गाठोडं बांधलं.

आता ती रोज बांधते. तिला झोप लागली की मामा गाठोडं सोडतो, आणि तिचे कपडे एकेक करून परत कपाटात लावतो.