सारवून सोडलेलं घर

ट्रक दारात उभा होता आणि आई घर सारवत होती. अण्णा बाहेरून ओरडत होते, "अगं, उद्या पाडणार हायेत ते!" आईनं हात थांबवला नाही. जमीन वाळायच्या आधीच तिनं देवळीत दिवा लावला, पदराला हात पुसले आणि ट्रकमध्ये चढली. आपला डोंगर अभयारण्यात गेला म्हणून त्या दिवशी आपण सगळे खाली माळावरच्या वसाहतीत आलो. तुम्हाला हे मी काय सांगणार, तुमचेही ट्रक मागेच होते.

तरी सांगतेय, कारण पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. फोनवर तुम्ही विचारता, "ताई, न्यूझीलंडला नक्की काय करतेस गं?" मी म्हणते, "पक्ष्यांचं काम." खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. उरलेलं सांगायची मला लाज वाटते.

इथले कितीतरी पक्षी धड उडत नाहीत, जमिनीवरच अंडी घालतात. बाहेरून आलेले उंदीर-मांजरं त्यांचा फडशा पाडतात. म्हणून आम्ही एखादं बेट निवडतो, तिथले उंदीर संपवतो, मेंढ्या हलवतो, झाडं लावतो, मग पक्षी नेऊन सोडतो. चांगलं काम आहे हो, खरंच. नाहीतर ही पाखरं चित्रातच बघावी लागतील. पण यंदाच्या बेटावर मेंढ्यांबरोबर एक माणूसही होता. रॉन. एकटा म्हातारा, सोबत एक करडं मांजर. त्याचा भाडेपट्टा संपला होता, आणि आता तो वाढणार नाही हे त्याला सांगायला ऑफिसनं मला पाठवलं.

त्याच्या किचनमध्ये बसून मी गोड आवाजात म्हणाले, "यू'ल बी क्लोजर टू एव्हरीथिंग, रॉन. डॉक्टर, सुपरमार्केट, ट्रेन."

तो "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत "चालेल की", म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून केटल भरायला लागला.

परतताना बोटीत लक्षात आलं. हे वाक्य माझं नव्हतंच! आपल्या ओट्यावर बसून वनखात्याचे जीपवाले साहेब म्हणाले होते ना, "तिकडं सगळ्या सोयी आहेत. दवाखाना, शाळा, एसटी." त्या साहेबांची नक्कल आपण किती वर्षं केली! दिन्या तर लग्नाच्या मांडवातसुद्धा करायचा आणि आपण हसून हसून लोळायचो. आता माझी कर म्हणावं त्याला.

अण्णा तेव्हा सहा महिने इथे, अप्पर हट शहरात, माझ्याकडे राहायला आले होते. रात्री जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. माझी ईशा इथेच जन्मलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. ती पटकन म्हणाली, "बट द बर्ड्स वेअर देअर फर्स्ट, आजोबा." मी मराठीत सांगितलं, "पक्षी तिथे आधीपासून होते, असं म्हणतेय."

"व्हय," अण्णा म्हणाले, "आमास्नीबी असंच सांगितलं हुतं." मग त्यांनी ताटात हात धुतला. भाकरी अर्धी तशीच होती. "त्याला आणायला जाशील तवा मला घेऊन चल," एवढंच बोलले.

रॉनला आणायला निघालो त्या दिवशी बोटीवर चढण्याआधी सगळ्यांच्या पिशव्या आणि बुटांचे तळवे तपासले, उंदीर किंवा रानटी बी चुकून जाऊ नये म्हणून. अण्णांनी मुकाट्यानं पाय वर केले. बेटावर पोचलो तर रॉनचं सामान दाराबाहेर बांधून ठेवलेलं, आणि हा बाबा रिकामं घर झाडतोय! कोपरान् कोपरा. ते घर पाडायचं होतं, त्यालाही माहीत होतं. अण्णा क्षणभर दारात थबकले, मग बादलीतला मॉप उचलून आत गेले. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू भाईर थांब."

मी मांजराचा पिंजरा धरून बाहेर उभी राहिले. आत दोन म्हातारे जमीन पुसत होते, एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता. माझा सहकारी घड्याळ बघून म्हणाला, हे पाडणारच आहेत, मग पुसतायत कशाला? मला उत्तर ठाऊक होतं. आईचे शेणानं माखलेले हात डोळ्यांसमोर होते. आणि मी काय केलं? हसले. त्याच्याबरोबर खी खी करून हसले. मान वर केली तर अण्णा खिडकीतून बघत होते.

बोटीत ते रॉनशेजारी बसले. घरी आल्यावर, जेवणंखाणं झाल्यावर म्हणाले, "आपल्या सायबाला निदान आपलं कायबी ठावं नव्हतं, पोरी."

पुढे पक्षी सोडले. पेट्या उघडल्या, करकिया म्हणजे इथली माओरी प्रार्थना झाली, पक्षी पानांत घुसले. मी रडले, आनंदानंच रडले. तेही खरं आहे, ते नाकारत नाही. अण्णा तोवर गावी परतले होते. त्यांना व्हिडिओ पाठवला. म्हणाले, "ग्वाड हायेत गं पाखरं. ऱ्हाऊ देत त्यास्नी." मग विचारलं, "रॉन कसा हाय?" मी "ठीक आहे" म्हणाले. खरं तर त्याच्या शहरातल्या नव्या दारावरून जाते आणि बेल वाजवत नाही. हिंमतच होत नाही.

त्याच्या त्या युनिटमध्ये, म्हणजे भाड्याच्या छोट्या घरात, मांजर ठेवू देत नाहीत, म्हणून ते माझ्याकडे आलं. ऑफिसात सगळे चिडवतात, पक्ष्यांच्या मॅडमकडे मांजर! तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं, इथलं की तिथलं? मला सांगता येत नाही. एवढं मात्र दिसतं की ते मांजर दिवसभर दाराकडे तोंड करून बसतं. वसाहतीत अण्णा डोंगराकडे तोंड करून बसायचे ना, तसंच. बागेत पक्षी असतात, त्याला बाहेर सोडता येत नाही. रोज सकाळी मी कामाला निघताना ते उठून उंबऱ्यापर्यंत येतं, वर माझ्याकडे बघतं, आणि दार मीच लावते.