लाल चड्डी आणि माझा डावा हात

"ब्रेकियल प्लेक्सस इंज्युरी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना झालेली इजा. फैजपूरजवळ मोटारसायकल घसरली आणि माझ्या डाव्या हाताच्या नसा तुटल्या. "ऑपरेशन करू, पण हात पूर्वीसारखा होईल असं सांगत नाही."

मी केळीचे घड वाहणारा माणूस. हात गेला तर माझा उपयोग काय, याच विचाराने डोकं फिरलं.

जळगावला ईएमजी झाली, म्हणजे स्नायूत सुई टोचून नसांची तपासणी. मग ऑपरेशन, मग फिजिओथेरपी. मला बाकावर बसवतच नसे. फेऱ्या मारून नर्सबाईंना वैताग आणला. वर्षभराने कोपर जरासं वाकलं, बोटं मात्र हलली नाहीत.

पुढे आम्ही धुळ्याला, देवपुरात मेहुण्याकडे राहायला गेलो. घरातल्या माझ्या येरझाऱ्यांना कंटाळून बायकोनेच मला अपंगांच्या रग्बी लीग संघाकडे पिटाळलं.

डॉक्टरांची अट होती, "हात अंगाला बांधायचा. कुणी अंगावर आदळता कामा नये." त्यासाठी लाल चड्डी असते. ती घातलेल्याला इतरांसारखं धरून पाडत नाहीत, नुसता हात लावून अडवतात. मला ती मिळाली तेव्हा असा राग आला! मी काय काचेचं भांडं आहे?

पहिल्याच सामन्यात बॉल घेऊन मैदानाच्या टोकाच्या रेषेपार पोचलो आणि तसाच उभा राहिलो. गुण मिळवायला बॉल जमिनीला टेकवावा लागतो, हे ठाऊक होतं. पण घड खाली टेकला की काळा पडतो, व्यापारी घेत नाही. जन्मभर जपलेली सवय. हात खाली जाईचना.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ? बॉल खाले टेक ना!" आमची कप्तान सुनंदाअक्का ओरडली. पोलिओने तिचा एक पाय बारीक, आवाज मात्र दणदणीत. तेवढ्यात कुणीतरी मला हात लावला. संधी गेली.

आठवडाभर अक्काने मला बॉल नुसता जमिनीवर दाबायला लावला. तिचे उपकार कसे फेडू?

तुमचाही हात असा गेला असेल, तर तो बरा व्हायची वाट बघत घरात बसू नका. माझा अजून तसाच आहे.

पुढच्या सामन्यात बॉल टेकवताना तोल गेला आणि बांधलेल्या हातावरच पडलो. "हात, हात!" करत सगळे धावले.

मी विचारत होतो, "टेकला ना?"

"टेकना रे भाऊ, टेकना!" अक्का म्हणाली. गुण मिळाला होता.

दीड वर्षात पहिल्यांदाच मी हात विसरलो होतो.