झुंबरशेठची टकटक

राजुरीच्या बाजारपेठेत माझं शिलाईचं दुकान आहे आणि समोर झुंबरशेठची लाकडाची वखार होती. 'होती' म्हटलं की शेठला राग येतो. येऊ दे. चाळीस वर्षं मी त्यांच्यावर रागावलो, आता त्यांची पाळी.

वखार त्यांच्या आजोबांनी काढली, मारवाडातून आल्या आल्या. गॅस यायच्या आधी अर्ध्या गावाचा स्वयंपाक या वखारीवर चालायचा. आळेफाट्याच्या हॉटेलांच्या भट्ट्याही इथल्याच लाकडावर पेटायच्या. मग घरोघरी सिलिंडर आले, हॉटेलं सुधारली, आणि वखारीला दोनच तऱ्हेची गिऱ्हाइकं उरली. एक लग्नाचा आचारी, दुसरे मयताचे नातेवाईक. दोघंही घाईत असतात, आणि झुंबरशेठला आयुष्यात कधी घाई झालेली मी पाहिली नाही.

शेठ पक्के जैन. लाकूड विकायचं म्हणजे जाळायला द्यायचं, आणि लाकडात मुंगी असते, वाळवी असते, एखादा भुंगा घर करून बसलेला असतो. तो जळला तर पाप कुणाला? मग माणसाने सरळ कापडाचं दुकान टाकावं की नाही? पण वखार आजोबांची. शेठनी मधला मार्ग काढला. प्रत्येक लाकूड तराजूवर चढायच्या आधी ते मांडीवर घ्यायचे, छोट्या हातोडीने तीनदा ठोकायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "निघा बाबांनो, निघा." मग थांबायचे. मुंग्या निघाल्या की त्यांना पानावर घेऊन मागच्या कुंपणाशी पोचवून यायचे. मग पुढचं लाकूड.

माझे सासरे वारले तेव्हाची गोष्ट. तिरडी बांधून तयार, माणसांचा दोनदा चहा झालेला, आणि वखारीतून आपली टकटक चालूच. मी तिथे जाऊन ओरडलो, "अहो शेठ, आमचा माणूस खोळंबलाय तिकडं!"

शेठ शांतपणे म्हणाले, "त्यांना आता कसली घाई, भाऊ? घाई ह्या मुंग्यांना हाय."

सासरे जन्मात कुठे वेळेवर पोचले नव्हते, तेव्हा शेवटीही त्यांच्याच रीतीने गेले.

तर यंदा शेठचा मुलगा बंटी याने ठरवलं की वखार बंद करायची आणि त्या जागी इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम टाकायचं. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. पत्रिका छापल्या, फरशीवाला सांगितला. शेठची सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, गिऱ्हाईक महिन्याला एखादं. राहिलेला माल त्यांनी ठोकून ठोकून विकला. फक्त एक थप्पी उरली. कोपऱ्यात, पत्र्याखाली, नीट रचलेली. ती ठकूबाईची.

ठकूबाई वरच्या आळीतली म्हातारी. तिचा नवरा रखमाजी सतरा वर्षांपूर्वी ऐन पावसात गेला. लाकूड ओलं, सरण धड पेटेना, दिवसभर नुसता धूर. तेराव्याचं जेवण उरकलं आणि ठकूबाई थेट वखारीत आली. म्हणाली, "झुंबरशेट, मला असं धुमसत जायचं न्हाई. माझं लाकूड आत्ताच काढून ठेव." तिने स्वतः एकेक ओंडका निवडला, बाभळीचे जास्त, आंब्याचे थोडे. शेठनी शब्द दिला, "मावशी, तुमचं सरण कोरडं ठणठणीत राहील. एक मुंगी त्यात जळणार न्हाई. मी सवता आणून देईन."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ठकूबाई थप्पी बघायला यायची. त्यावरच बसून शेंगा खायची आणि टरफलं पदरात गोळा करायची, कारण शेठना कचरा चालत नाही. सतरा वर्षं झाली. थप्पी कोरडी ठणठणीत, आणि म्हातारी त्याहून ठणठणीत.

आता बंटीची पंचाईत झाली. थप्पी हलल्याशिवाय फरशी बसेना. घरी न्या म्हणावं, तर आपलं सरण आपल्याच दारात कोण ठेवून घेईल? दुसऱ्याला विकावी, तर बापाचा शब्द. मग बंटी रोज वरच्या आळीत जाऊन तब्येतीची चौकशी करू लागला. "आजी, बरं वाटतंय ना? दम लागतोय का? रात्री झोप लागती का?" त्याचा आवाज इतका आशेचा की ठकूबाईच एकदा म्हणाली, "बंटी, लई वाईट वाटतंय रं, पण आज पण बरीच हाय मी."

आणि इकडे शेठ त्याच म्हातारीला गुपचूप सुंठीचे लाडू पाठवत होते. मंगलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला हे सांगितलं. मला आधी कळेना. मग लक्षात आलं. ती थप्पी आहे तोवर वखार आहे. दार उघडायला, पत्रा झाडायला, हातोडी हातात धरायला काहीतरी निमित्त आहे. म्हातारा सगळा डाव त्या म्हातारीच्या तब्येतीवर लावून बसला होता. एवढं कळल्यावर मला त्यांचा राग करणं जड जायला लागलं, आणि त्याचाही मला राग आला.

अक्षय्य तृतीयेला चार दिवस असताना ठकूबाईच्या नातीचं, श्रेयाचं, लग्न होतं. नवरदेव पेठ गावचा. मांडव भरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, आणि मागे आचाऱ्याने हात वर केले. त्या आठवड्यात सिलिंडरची गाडीच आली नव्हती, होते ते संपले, आणि मसालेभात अजून कच्चा. श्रेयाचा बाप भगवंत घामाघूम. "आता लाकूड कुठनं आणायचं? वखारीत तर..." म्हणाला आणि थांबला. आम्ही सगळ्यांनी एकदमच ठकूबाईकडे बघितलं आणि एकदमच नजर फिरवली. आजीच्या सरणावर नातीच्या लग्नाचा भात! बोलणार कोण?

ठकूबाईच बोलली. "बघताय काय? आणा की! उपाशी घालवता का पावणं?"

टेम्पो गेला. पंधरा मिनिटांत लाकूड यायला पाहिजे होतं. आलं, पण वर शेठ बसलेले, हातोडी घेऊन. उतरले, चुलाणाशेजारी बैठक मारली, पहिला ओंडका मांडीवर घेतला. टक, टक, टक. "निघा बाबांनो, निघा."

अक्षता पडल्या. आठशे माणूस पंगतीत बसलं. टक, टक, टक. भगवंत केस उपटायचा बाकी होता. नवरदेवाचे मामा सावळेराम, मिशीवाला तापट गडी, तरातरा मागे आले. "काय चाललंय राव? लाकडं काय वाजवून घेताय? कशाची लाकडं ही?"

आम्ही सगळ्यांनी शेठकडे डोळे वटारले. पण खोटं बोलणं शेठच्या धर्मात बसत नाही. ते म्हणाले, "ठकूमावशीचं सरण हाय."

सावळेरामांचं तोंड उघडलं ते मिटेना. आता नवरी घेऊन जातात की ठेवून जातात, असं झालं. तेवढ्यात ठकूबाई काठी टेकत पुढे आली. "पावणं, मी मेले का?"

"न्हाई," सावळेराम म्हणाले.

"मग सरण कशाचं? मी मरंस्तवर ते जळणच. ज्याला चालत नसंल त्यानं हात धुवून उठावं, बाकीच्यांनी जेवावं."

सावळेरामांनी पंगतीकडे पाहिलं, रिकाम्या पत्रावळींकडे पाहिलं, मग शेठसमोर मांडी घातली आणि एक ओंडका उचलला. "कसं ठोकायचं दाखवा. दोघं मिळून लवकर हुईल." असे मग सहाजण बसले. मीही बसलो. लग्नाच्या बँडपेक्षा आमचाच आवाज मोठा होता. माझ्या ओंडक्यातून एक मुंगळा निघाला, त्याला मी पानावर घेऊन कुंपणापर्यंत पोचवून आलो. हे मी घरी सांगितलेलं नाही.

भात शिजला, लोकांनी मागून मागून खाल्ला. शेवटी एकच बाभळीचा ओंडका राहिला. शेठनी तो मांडीवर घेतला आणि हातोडी उचललीच नाही. मांडव रिकामा होत होता, तरी ते तसेच बसलेले. ठकूबाई शेजारी टेकली.

"ठोक की."

"हे ठोकलं का संपली वखार, मावशी."

त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं, आणि चाळीस वर्षं केलेली आरडाओरड सगळी आठवली. ठकूबाईने चुलाणात डोकावून पाहिलं. "भात झालाय. ते ऱ्हाऊ दे माझं."

अक्षय्य तृतीयेला शोरूमचं उद्घाटन झालं. चकचकीत फरशी, रांगेत स्कूटर, आणि त्यांच्या मधोमध बाभळीचा ओंडका. बंटीने तो तीनदा मागे नेऊन ठेवला, शेठनी तीनदा पुढे आणला. कुणी विचारलं तर शेठ सांगतात, "वखार चालू हाय. माल जरा कमी झालाय."

बाजाराच्या दिवशी ठकूबाई येते. ओंडक्यावर बसून शेंगा खाते. परवा मी दुकानातून ओरडलो, "ठकूबाई, एका लाकडात कसं काय भागायचं हो तुमचं?"

"न्हाईच भागायचं! बाकीचं जमंस्तवर थांबावं लागंल," ती म्हणाली.

शेठनी तिला जरा बाजूला सरकवलं, हातोडी काढली. गिऱ्हाईक स्कूटर बघायचं सोडून बघत राहिलं. टक, टक, टक. "निघा बाबांनो, निघा." मग शेठनी मान वर केली आणि घाईने, होय, घाईनेच म्हणाले, "तुमी नका निघू, मावशी. तुमी बसा."