ओढ्याकडचं खाचर

आमच्या घरात जे काही घडलं ते मीच सगळ्यांना सांगत आलोय. पाहुणे टेकले की बायको आतून म्हणते, "झालं यांचं कीर्तन सुरू." फक्त एका गोष्टीपाशी मी नेहमी विनोद करून निसटतो. ती गोष्ट तिचीच आहे.

माझी बायको हातोडाफेकीत राज्याची चॅम्पियन होती. चार किलोचा लोखंडी गोळा, त्याला तार, तारेला मूठ. मूठ दोन्ही हातांनी धरायची, गरगर फिरायचं आणि सोडून द्यायचं. लग्नाआधी मी एकदा करून बघितलं. गोळा जागेवर राहिला, मी पडलो. मित्र म्हणाले, "जपून ऱ्हा. भांडलास तर कुंडलिका नदी ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात पडशील."

तिचं माहेर पेणजवळ, धरमतर खाडीच्या काठी. तिथली जमीन खारी. भात निघालं की पावसापर्यंत शेतं उघडीच. त्या शेतांत ती शाळेपासून गोळा फेकत आलेली. आमचं गाव रोह्याच्या आतल्या अंगाला. इथं भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, हातभर जागा रिकामी नाय. लग्न ठरवताना पत्रिका बघितल्या, मानपान बघितला. इथं ही गोळा फेकणार कुठं, हे मात्र दोन्हीकडच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

पहिल्या हिवाळ्यात वाट काढली ती माझ्या वडलांनी. ओढ्याकडचं सगळ्यात मोठं खाचर त्यांनी पेरलंच नाही. शेजारी हसले, "सून काय लोखंड पेरनार हाय काय त्यात?"

"व्हय," वडील म्हणाले. "उगवलं तर तुलाबी देईन."

त्या हिवाळ्यात तिनं पुन्हा सुवर्णपदक आणलं. वडील ते स्वतःच्या गळ्यात घालून डेअरीवर दूध घालायला गेले.

पुढच्या पावसाळ्यात आम्हाला मुलगी झाली आणि महिनाभरात वडील गेले. आता घरातला कर्ता मी. कर्ता झालं की अक्कल आपोआप येते, असा माझा समज होता. पोरगी एवढीशी, ही कुठं यंदा गोळा फेकतेय, असं माझं मीच ठरवलं आणि भात निघाल्यावर सगळी खाचरं पेरून टाकली. तेसुद्धा.

ती तेव्हा माहेरी होती. वडखळला एसटी बदलून आली, काखेत पोरगी आणि पिशवीत गोळ्यासाठी नवी तार. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला माझ्या आईकडे देऊन ती गोळा घेऊन निघाली. मी मागोमाग. वाल दोन-दोन पानांवर आले होते.

"पेरलात?"

"म्हटलं, पोरगी लहान हाय. यंदा काय तू…"

"इचारलं नाय."

"उपटतो गो. आत्ता उपटतो." मी खरंच वाकलो.

"ऱ्हाव द्या. उगवलेलं कोन उपटतं?"

शेतकऱ्याची लेक ती. कोंबांवर गोळा टाकणं तिच्याच्यानं होणार नव्हतं. त्या वर्षीच्या निवड चाचणीला ती गेली नाही. पुढच्या वर्षी मी ते खाचर मोकळं ठेवायचं म्हणालो, तर तिनं बियाणं आधीच निवडून ठेवलेलं. मग दर जानेवारीत त्याच शेंगा मडक्यात भरून, जाळात भाजून पोपटी लागायची. मडकं उघडलं की पाहुणे तुटून पडायचे, आणि वाल किती गोड म्हणून कौतुक तिचं व्हायचं. ती हसायची.

यंदा मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. मी ते खाचर पेरलं नाही. याही वेळी तिला न विचारताच. खोड जात नाही. माळ्यावरचा गोळा काढला, गंज घासला, तार बदलली आणि तिला घेऊन गेलो.

"आता?" ती म्हणाली. "वीस वर्सांनी?"

"बघ तरी."

तिनं चपला काढल्या, पदर खोचला. एक गिरकी नीट बसली. दुसरीत पाय अडखळला, आणि तिनं मूठ सोडली. गोळा खालूनच गेला आणि खाचराच्या अर्ध्यातही न पोचता ढेकळांत रुतला. मी टेप घेऊन पुढे झालो.

"मोजू नका," ती म्हणाली.

मग खांदा दाबत तिथंच मातीत बसली आणि कितीतरी वेळ पलीकडच्या बांधाकडे बघत राहिली. त्या एका हिवाळ्यात तिचा गोळा तिथवर जायचा.