जपानी बाईनं काढलेलं बदक

बहरीनमध्ये मुहर्रकला मी ज्या जपानी साहेबाची गाडी चालवायचो, त्याची बायको लहान पोरांच्या पुस्तकांतली चित्रं काढायची. आमची मंडळी तिच्याकडं स्वयंपाकाला होती. बाई बोलायची थोडंच. चित्र मनासारखं उतरलं नाही की "मफी, मफी", म्हणजे तिकडच्या अरबीत 'नाही, नाही', म्हणत कागद फाडायची, अन् ब्रश दातात धरून पुन्हा बसायची. माणसं मात्र कधी काढायची नाही. चित्रात मला तिनं उंट केलं, नवऱ्याला कासव.

आमच्या हिला केलं बदक. पदर खोचलेला, हातात लाटणं. ही चिडलीच. "अहो, सांगा तिला! उभ्या जन्मात माझं कुणी चित्र काढलं नाही, अन् काढलं तर हे? माणूस काढ म्हणावं."

मी सांगितलं. जपानला परत जायच्या आदल्या दिवशी बाई हिला समोर बसवून दुपारभर काढत राहिली. सगळे कागद फाडले. शेवटी उठली, हिच्यापुढं कमरेत वाकली अन् म्हणाली, "सॉरी. आदमी मफी." बदकच हातात दिलं. हिनं ते ट्रंकेच्या तळाशी टाकलं.

ही गेल्यावर मी ते बाहेर काढलं. पासपोर्टच्या फोटोत ही पोलिसांपुढं बसल्यासारखी दिसते. बदक मात्र मान पुढं काढून, डावा पाय ओढत चाललंय. गुडघा दुखायचा, म्हणून ही अशीच चालायची.

बाई उगाच वाकली. मीच हिला म्हणायला पाहिजे होतं, "अगं, ही तूच आहेस." पण तेव्हा मलाही बदकच दिसत होतं.